हिरूबायचं नाक आणि माझं डिझेल

जुनी जीप घ्यायला निघालेला माणूस मला दुरून ओळखू यायचा. तो एखाद्या टायरला उगाच लाथ मारायचा, बॉनेट उघडायला लावायचा आणि आत डोकावून आपल्याला सगळं कळतंय असा चेहरा करायचा. मग हळूच मला बाजूला घेऊन विचारायचा, "मेस्त्री, पेट्रोलच ठेवू की डिझेल बसवू?" अंधेरीहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला माझं पत्र्याचं गॅरेज होतं. तिथे हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आणि मी इतक्या ठामपणे उत्तरं दिली, की आता आठवलं तर माझं मलाच हसू येतं. बहुतेक उत्तरं बरोबर आली. एक सपशेल चुकलं, आणि ते हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून तेच लिहायला घेतलं आहे.

त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या जीपा म्हणजे लष्कराने वापरून लिलावात काढलेल्या. रंग हिरवा, अंगावर चार-दोन पोचे, आणि सीटखाली कुठल्या कुठल्या प्रांतातली माती. साध्या गाडीला मागची दोन चाकं ढकलतात. जीपला एक छोटा दांडा जास्त असतो, तो टाकला की पुढची चाकंही ओढू लागतात. चिखल, वाळू, डोंगराची चढण, कुठेही ती अडत नाही. म्हणून कांदिवलीकडचे खाणवाले, बोरिवलीच्या पलीकडे पाड्यांवर जाणारे डॉक्टर, शूटिंगचं सामान वाहणारे, सगळे या म्हाताऱ्या गाड्यांच्या मागे असायचे.

या गाड्या मुळात पेट्रोलच्या. पुढे सत्तरच्या दशकात पेट्रोलचा भाव असा काही चढला की जीपवाले हवालदिल झाले. मग कुणी तरी मोडक्या डिझेल गाडीचं इंजिन आणून जीपमध्ये बसवलं, आणि ती साथ उपनगरभर पसरली. मीही त्यात हात धुऊन घेतले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसणारी लोखंडी प्लेट लेथवर अचूक कातून घ्यायची, पुढच्या स्प्रिंगला एक जास्तीचा पाटा घालायचा, टाकीला नवी नळी जोडायची. माझी जोडलेली गाडी थरथरत नाही अशी ख्याती होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवून मूठ कानाला लावली की आत कुठे काय दुखतंय ते मला ऐकू यायचं. लोक म्हणायचे, मेस्त्रीचा कान म्हणजे डॉक्टरची नळी. मीही ते खरं मानून चाललो होतो.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. ते हलकं असतं, चटकन चालू होतं, आवाज कमी करतं. पण ठिणगीचं सगळं प्रकरण नाजूक, पाण्याचा शिंतोडा उडाला की रुसून बसतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. ते इंजिन जड, आवाज घरभर, पण ओढायला बैलासारखं आणि खायला कमी. आणखी एक फरक असतो, तो पुस्तकात कुणी लिहीत नाही. पेट्रोल हातावर सांडलं तर बघता बघता उडून जातं. डिझेल उडत नाही. ते कातडीत मुरतं आणि साबण लावा, राख लावा, दुसऱ्या दिवशीपर्यंत सोबत करतं. माझी बायको मला जेवायला सगळ्यांपासून हातभर लांब बसवायची ते काही उगाच नाही.

गिऱ्हाइकाला मी तीन गोष्टी विचारायचो. रोज किती मैल, ओझं किती, रस्ता कसला. खाणवाल्याला मी डोळे मिटून डिझेल सांगितलं. शूटिंगवाल्याला पेट्रोल, कारण डिझेलच्या धडधडीत हीरो काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नसतं. पाड्यांवर जाणाऱ्या डॉक्टरांनाही पेट्रोल, कारण बाळंतीण अडलेली असताना नळीत हवा अडकून बंद पडलेलं डिझेल इंजिन नळ्या सोडून चालू करत बसायला वेळ नसतो. तिघेही शेवटपर्यंत माझं नाव घेत होते. अशा वेळी माणूस फुगतो.

मग एके दिवशी वेसाव्याचा धर्मा नाखवा आला. वर्सोव्याला तिथले कोळी वेसावे म्हणतात, आणि नाखवा म्हणजे होडीचा मालक. त्याने लिलावातली एक जीप घेतली होती. तिच्यात बसून त्याची बायको हिरूबायही आली होती. ठेंगणी, काळीसावळी, नऊवारी घट्ट नेसलेली, आणि उतरताना दोन्ही हात गुडघ्यांवर. ती उतरली ती बाजूच्या रिकाम्या डब्यावर बसली आणि गॅरेजभर नजर फिरवू लागली.

गाडी कशाला हवी ते नाखव्याने सांगितलं. ओहोटीला होड्या लांब उभ्या राहतात. तिथून रस्त्यापर्यंत ओल्या वाळूतून म्हावरं डोक्यावर आणायचं, म्हणजे मासळीच्या भरल्या पाट्या. पाट्या बायका आणतात. हिरूबायचे गुडघे आता साथ देत नव्हते. पाटी बाजारात पोचली नाही तर अंधेरीच्या बाजारातली तिची जागा जाणार होती. ती जागा तिच्या सासूची. त्या बाजारात जागेला कागद नव्हता. रोज येऊन बसेल तिची जागा. पंधरा दिवस बसायची फळी रिकामी दिसली की तिथे दुसरीची पाटी आलीच, आणि मग उठवणार कोण? सून अजून कच्ची होती. हिरूबाय बसती राहिली तरच ती तिच्याशेजारी बसून शिकणार होती. म्हणून ही जीप. थेट होडीपर्यंत जायचं, म्हावरं भरायचं, हिरूबायलाही भरायचं आणि बाजारात नेऊन उतरवायचं.

मी माझे तीन प्रश्न नाखव्याला विचारले. मैल थोडे पण रोजचे. ओझं भरपूर, ओलं. रस्ता म्हणजे वाळू आणि खारं पाणी. खारं पाणी म्हटल्यावर ठिणगीचं इंजिन बादच. शिवाय नाखव्याच्या होडीचं इंजिन डिझेलचं, पिंपं दारात आलेली. "एकच तेल होरीला, तेच गारीला," तो म्हणाला. मी म्हटलं, "नाखवा, विचारायचं कामच नाही. डिझेल."

तेवढ्यात हिरूबायने जवळचा डिझेलचा डबा ओढला, झाकण काढलं आणि हुंगलं. "मेस्त्री, याचा वास जात नाय."

"जात नाही तर नाही. मावशी, गाडीला वास घेऊन बघतं कोण?"

"गारीला नाय. म्हावऱ्याला घेतान."

"मग होडीत नाही का डिझेल? तिथे बरा वास लागत नाही?"

"होरीत विंजिन मागं, म्हावरं पुढं. वारा धूर मागं नेतंय. तुझ्या गारीत विंजिन पुढं, म्हावरं मागं. धूर कना जाईल? टाकी पन आतच, बसायच्या खाली." तिने बोटाने सीट दाखवली. "नको रं बाबा. पेट्रोलच ठेव. वाईच खर्च येईल तर येईल."

आज हे लिहिताना मला तिचं बोलणं एखाद्या इंजिनिअरने मांडावं तसं वाटतं. त्या दिवशी मी आणि नाखवा एकमेकांकडे बघून हसलो. "बायकांचं असंच," असं काहीतरी मी म्हणालोसुद्धा. दर्या पुरुषाचा आणि बाजार बाईचा, ही कोळीवाड्याची रीत मला ठाऊक नव्हती असंही नाही. वीस वर्षं मी त्याच रस्त्यावर बसलो होतो. होडी विकत घ्यायची असती तर नाखव्याला विचारायचं. ही गाडी बाजाराची होती, म्हणजे हिरूबायची होती, आणि मी तिला सोडून सगळ्यांना विचारलं.

इंजिन मात्र मी जीव ओतून बसवलं. खोटं कशाला सांगू, आजवरचं माझं सगळ्यांत सुंदर काम. पहिल्या दिवशी ओहोटीला मी स्वतः गाडी वाळूत घातली. नाक जड म्हणून जरा रुतली, पण मी दांडा टाकला आणि ती अशी निघाली की किनाऱ्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुडघाभर पाण्यातून फेस उडवत मी होडीला टेकलो. नाखवा ओरडला, "झकास, मेस्त्री!" पाट्या भरल्या, वर हिरूबायला बसवलं. ती हसली नाही. पदर नाकाला लावून बसली. मला वाटलं, गाडीची सवय नाही बिचारीला.

तीन आठवडे गेले असतील. एक दिवस घरी बांगड्याचं कालवण होतं. आम्ही मालवणकडचे, बांगडा म्हणजे आम्हाला सण. पहिला घास घेणार तोच बायको म्हणाली, "हात धुवन येवा आधी. डिझेलचो वास येता."

मी उठून हात धुतले. पुन्हा बसलो.

"येताच हा. परत धुवा. सोडो लावा."

सोडा लावून धुतले. चिडूनच परत आलो. तोवर तिने ताटातला तुकडा उचलून नाकाशी धरला होता. "तुमच्या हाताक नाय ओ," ती हळू आवाजात म्हणाली. "बांगड्याक येता."

मीही वास घेतला. बांगड्याच्या, तिरफळाच्या, चिंचेच्या वासाखालून तो निवांत वर येत होता. माझ्या गॅरेजचा वास, माझ्या ताटात.

"कुणाकडनं आणलेस?"

"हिरूबायकडसून. तिच्याकडे कोण नाय होतो, माका वाईट वाटला. बाजूच्या बायकांकडे ही गर्दी! पूर्वी तिच्याकडे उभा रवाक जागा गावा नाय."

कालवण तसंच राहिलं. जी गाडी हिरूबायची जागा राखायला बनवली होती, तीच तिला बाजारातून उठवत होती. आणि गाडीत खोट एकही नव्हती. इंजिनाला कान लावला असता तर ते घड्याळासारखं वाजलं असतं. टाकीतून हिंदकळणारे चार थेंब गाडीच्या मागच्या फळ्यांत मुरत होते, मागचा धूर उघड्या गाडीत वळून येत होता, वेताच्या पाट्या तो पीत होत्या. हे सगळं त्या बाईने डब्यावर बसल्या बसल्या सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडत होतो आणि समोरून हिरूबाय येताना दिसली. चालत. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, दुसरा गुडघ्यावर. बसमध्ये ओली पाटी घेत नसत आणि त्या दिवशी टांगा मिळाला नसावा. माझ्या दारातल्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर तिने पाटी टेकवली आणि श्वास घेत उभी राहिली.

"मावशी, गाडी कुठे आहे?"

"घरी. परवापासून उभी केली."

"नाखवा काय म्हणाला?"

"तो काय म्हननार? त्याला दर्याचा कलतंय."

मी म्हटलं, "मला सांगायला यायचं होतं. भांडायचं होतं."

"कोनाशी भांडू? गिऱ्हाईक पन भांडत नाय, मेस्त्री. भांडला असता तर बरा झाला असता. मासा उचलतंय, हुंगतंय, ठेवतंय आन् शेजारनीकडं जातंय. माझ्या सासूची गिऱ्हाइकं ती." तिने पदराने तोंड पुसलं आणि पाटीला हात घातला. पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. मी पुढे झालो.

"तू नको," ती म्हणाली. "तुझ्या हाताला डिजल हाय."

रागाने नाही हो, अगदी साधेपणाने म्हणाली. रस्त्यावरून एक दूधवाला चालला होता, त्याला हाक मारली. त्याने पाटी उचलून दिली आणि ती निघाली. मी माझे दोन्ही हात मागे बांधून तिथे उभा होतो. आयुष्यात माझा इतका अपमान कधी झाला नाही, आणि इतका योग्यही कधी झाला नाही. मला रडू आलं, ते मी टाकीवर तोंड धुऊन लपवलं.

त्याच दुपारी वेसाव्याला गेलो. नाखव्याला म्हटलं, "गाडी दे. माझं चुकलं." कारागिराला हे शेवटचे दोन शब्द बोलणं लोखंड गिळल्यासारखं वाटतं. नाखवा ऐकायला तयार होईना. एवढी पळते, वाळूत घुसते, तेल घरचं, मग बदलायची कशाला? मी म्हटलं, "नाखवा, तुझ्या होडीचं इंजिन मी सांगेन तसं बदलशील?" "तू कोन सांगनारा?" तो म्हणाला. "तेच," मी म्हटलं. "ही तिची होडी आहे. आपण दोघं कोण?" त्याने बराच वेळ जाळ्याची गाठ चाचपली. मग चावी दिली.

जुनं पेट्रोलचं इंजिन नशिबाने माझ्याकडे गोणपाटाखाली पडलं होतं. ते उघडून, रिंगा बदलून पुन्हा बसवलं. नवी टाकी घातली. मागच्या फळ्या सगळ्या काढून जाळल्या. जळतानाही त्या तोच वास मारत होत्या. ठिणगीच्या भागाला सायकलच्या ट्यूबचं टोपण शिवलं, वर वंगण थापलं, की खाऱ्या पाण्याने रुसू नये. तरी भरतीच्या वेळी ती अधूनमधून रुसायचीच. मग नाखवा फडकं घेऊन पुसत बसायचा आणि मला शिव्या घालायचा. पेट्रोलसाठी त्याला हेलपाटे पडायचे ते वेगळे. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं म्हणून त्याने ते सोसलं.

गाडी तयार झाली तेव्हा मी हिरूबायला बोलावलं. बॉनेट उघडून ठेवलं होतं, तिकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. मागच्या बाजूने आली, नव्या फळीवर दोन्ही हात टेकले आणि वाकून नाक लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग सीट उचलायला लावली, टाकीपाशी हुंगलं. आर.टी.ओ.च्या साहेबासमोर मी कधी इतका घाबरलो नाही.

"बरा हाय," ती म्हणाली. "चालू कर."

तिची जागा राहिली. गिऱ्हाइकं हळूहळू परतली, सगळी नाही. सासूच्या वेळची दोन-तीन घरं शेजारणीकडे गेली ती गेलीच. आणि त्या चालण्याच्या दिवसांत उजवा गुडघा जो धरला तो सुटला नाही. पुढे कायम ती एका बाजूला कलून चालायची. ती मला कधी काही बोलली नाही. पण रस्त्याने ती कलून जाताना दिसली की मला वाटायचं, ही माझी कारागिरी चालली आहे. त्यानंतर गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न वेगळा विचारू लागलो. "गाडी कुणाच्या कामाची?" आणि तो माणूस हजर नसेल तर म्हणायचो, "त्याला घेऊन ये, मग सांगतो." लोकांना वाटायचं, मेस्त्री म्हातारपणी विक्षिप्त झाला.

मासळी आम्ही तिच्याकडूनच घेत राहिलो. रविवारी मी स्वतः जायचो. तिच्या फळीपाशी पोचलो की तिचा एकच शब्द असायचा, "हात दाव." मी हात पुढे करायचो, ती लांबूनच हुंगायची आणि मान हलवायची. "लांब उभा ऱ्हा." शेजारच्या बायका हसायच्या, मीही हसायचो. मासे तीच निवडायची, तीच पानात गुंडाळून पिशवीत टाकायची. इतक्या वर्षांत तिने मला एका मांदेलीलाही बोट लावू दिलं नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा माझी पाठ गेली. गाडीखाली शिरलो की उठवायला माणूस लागू लागला. गॅरेज एका ओळखीच्याला दिलं आणि घरी बसलो. मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती, कुणाला सांगितलं नाही. महिनाभर बाहेरही फारसा पडलो नाही. मग एका रविवारी बायकोने बळेच बाजारात पाठवलं.

हिरूबाय जागेवर होती. केस पांढरे झाले होते. शेजारी सून बसली होती, आणि आता गिऱ्हाइकाशी तीच बोलत होती. मी सवयीने दोन पावलं लांब थांबलो.

"हात दाव."

मी हात पुढे केला. तिने हुंगलं. कपाळाला आठी पडली. माझं मनगट धरून हात जवळ ओढला, पुन्हा हुंगलं, मग दुसरा हात घेतला. सून भाव सांगता सांगता थांबली.

"मेस्त्री," हिरूबाय म्हणाली, "काम सोरलंस?"

मी मान हलवली. मग तिने पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि पाटी माझ्याकडे सरकवली.

"घे. आज तुझ्या हातानं निवर."

मी वाकलो आणि एक बांगडा उचलला. कुठे दाबायचा, कल्ले कसे बघायचे, मला काहीच माहीत नव्हतं. मालवणचा माणूस मी, पण लहानपणी आई निवडायची, मग बायको, मग ही. हिरूबाय हसली, माझा अंगठा धरून माशाच्या कल्ल्यावर ठेवला आणि म्हणाली, "हितं उघर. आता हुंग."